साथीदाराची कसोटी

खेळाच्या नियमांवर टीकालेख लिहिणें हें या मासिकाच्या शिरस्त्यास सोडून आहे, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. नाटकावर लिहावें, कादंबरीवर लिहावें. पण फांसे टाकून खेळावयाच्या खेळावर काय लिहावयाचें? आमचें उत्तर असें कीं, ज्या खेळांत चारपांच माणसें एका मेजाभोंवतीं बसून, एकेक पात्र अंगावर घेऊन, तास न् तास एक कथा रचीत असतात, तो खेळ नाटक व कादंबरी या दोहोंचा नातलग समजला पाहिजे. आणि त्याचे नियम म्हणजे त्या कथेचें व्याकरण होय. नियमांनीं ज्या गुणास मोल दिलेलें नाहीं, तो गुण खेळणारांच्या कथेंतहि फार वेळ टिकत नाहीं. तेव्हां नियम रचणाराच्या मनांत मनुष्यस्वभावाविषयीं कोणती कल्पना होती, हें त्याच्या नियमांवरून पाहणें हें टीकाकाराचें कामच आहे.

हा विचार सुचण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं आमच्या पुतण्याची मित्रमंडळी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ खेळण्यासाठीं आमच्या घरीं जमली होती. पात्रांची वांटणी चालली होती. एकानें योद्धा घेतला, दुसऱ्यानें जादूगार, तिसऱ्यानें चोर. मग कोणीतरी विचारलें, "क्लेरिक कोण होणार?" आणि जी शांतता पसरली ती आमच्या चांगलीच ओळखीची होती. पानें मांडून झालीं, सगळे बसले, आणि 'आतां वाढणार कोण?' असें कोणी विचारलें म्हणजे जी शांतता पसरते तीच ही. शेवटीं सर्वांत मागून आलेल्या, वयानेंहि सर्वांत धाकट्या मुलीकडे सर्वांच्या नजरा वळल्या, आणि "बरें, मी होतें" म्हणून तिनें तें पात्र पत्करलें. पुढील तीन तासांत तिनें जें जें केलें तें दुसऱ्यांच्या जखमा भरण्यासाठीं केलें. खेळ संपल्यावर 'मजा आली का?' असें आम्हीं तिला विचारलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "सगळे वांचले."

हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. दुसऱ्यास साहाय्य करणें हेंच ज्याचें काम, असें पात्र खेळांत रचावें कसें? त्याचें काम इतरांच्या कामाइतकेंच रसाचें आणि मानाचें कसें व्हावें? या प्रश्नास या खेळाच्या रचनाकारांनीं पन्नास वर्षांत तीन ठळक उत्तरें दिलीं आहेत: क्लेरिक, वॉरलॉर्ड आणि बार्ड. इतरहि साहाय्यक वर्ग आहेत. परंतु या तिघांत साहाय्याच्या तीन निरनिराळ्या कल्पना शुद्ध स्वरूपांत दिसतात, म्हणून तुलनेसाठीं आम्ही त्यांनाच घेतों.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांतल्या लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं प्रसिद्ध झाला. खेळणारांपैकीं एकजण सूत्रधार होतो. तो भुयारें, राक्षस, नगरें आणि संकटें यांचें वर्णन करितो. बाकीचे एकेक पात्र घेऊन 'आतां मी अमुक करितों' असें सांगतात. तें साधलें कीं नाहीं याचा निकाल, निदान अलीकडील आवृत्त्यांत, वीस बाजूंचा फांसा टाकून लागतो. प्रत्येक पात्राजवळ कांहीं 'हिट पॉइंट' असतात; आम्ही त्यांस प्राणांक म्हणूं. घाव बसला कीं प्राणांक कमी होतात आणि शून्यावर आले कीं पात्र कोसळतें. लढाईंत प्रत्येकाची पाळी येते, आणि एका पाळींत थोडेंच कांहीं करतां येतें. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पाळी हें या खेळांतील खरें धन होय. योद्धा तें धन घाव घालण्यांत खर्चितो, जादूगार मंत्रांत खर्चितो. जो तें दुसऱ्यासाठीं खर्चितो तो साहाय्यक. म्हणून साहाय्यक पात्राची परीक्षा करतांना आम्ही तीन प्रश्न विचारणार आहों. त्याच्या साहाय्यांत त्याचा स्वतःचा कांहीं निर्णय असतो काय? ज्यास साहाय्य मिळालें त्याचें कर्तृत्व त्यामुळें वाढतें कीं घटतें? आणि तें साहाय्य झाल्याचें मेजावरील इतरांस कळतें काय?

प्रथम क्लेरिक. क्लेरिक म्हणजे शस्त्रधारी धर्मगुरु. १९७४ च्या पहिल्या संचांत योद्धा, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच वर्ग होते. परंतु त्याचा जन्म शुश्रूषेसाठीं झालेला नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. आर्नेसन हे मिनेसोटांत आपल्या मित्रांसह 'ब्लॅकमूर' नांवाच्या कल्पित प्रदेशांतला जो खेळ १९७१ च्या सुमारास खेळूं लागले, त्यांत सर फँग नांवाचें एक रक्तपिपासु पिशाच इतकें माजलें कीं, त्यास आवर घालील असें एक पात्र निर्माण करणें भाग पडलें. क्रूस उगारून पिशाचांस मागें हटविणारा व्हॅन हेल्सिंगसारखा जो पुरुष चित्रपटांत दिसतो, तो या पात्राचा पूर्वज. त्याच्यावर मध्ययुगीन युरोपांतील लढवय्या धर्माधिकाऱ्यांचा साज चढला. क्लेरिकानें धारेचें शस्त्र वापरूं नये, गदा वापरावी, असा नियम झाला. बायो येथील प्रसिद्ध भरतकामांत १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईंत बिशप ओडो हातांत सोटा घेतलेला दाखविला आहे, त्याच्याशीं या नियमाचा संबंध जोडला जातो. पहिल्या पायरीवर या धर्मगुरूस एकहि मंत्र येत नसे. दुसऱ्या पायरीस पहिला मंत्र मिळे.

असा हा पिशाचांचा वैरी शुश्रूषक कसा झाला? केवळ हिशेबानें झाला. विश्रांतीनें प्राणांक फार सावकाश भरून येत. जखमा भरणारा मंत्र मुख्यतः याच्याचजवळ. त्यामुळें भुयारांत आणखी एक दालन पुढें जावें कीं परत फिरावें, हें क्लेरिकाजवळ किती मंत्र उरले यावर ठरूं लागलें. आणि मंत्र तर दिवसाच्या आरंभींच निवडून ठेवावयाचे असत. सकाळीं जखमा भरण्याचा मंत्र निवडला कीं त्याच्या जागीं येऊं शकणारा दुसरा एखादा कुतूहलाचा मंत्र त्या दिवसापुरता गेला. म्हणजे साहाय्यकाचा निर्णय संकटाच्या ऐन क्षणीं होत नसे. तो सकाळींच, आणि तोहि सोबत्यांच्या अपेक्षेच्या दडपणाखालीं, होऊन जाई. लढाईंत त्याच्याकडे उरे ती केवळ अंमलबजावणी. आमच्या पहिल्या प्रश्नास जुन्या क्लेरिकाचें उत्तर असें निराशाजनक आहे.

हें दुःख पुढील रचनाकारांस कळलें नव्हतें असें नाहीं. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें २००० सालीं तिसरी आवृत्ति काढली. तींत सन्मार्गी क्लेरिकास अशी मुभा मिळाली कीं, सकाळीं दुसराच मंत्र निवडला असला तरी वेळ येतांच तो सोडून त्याच्या ऐवजीं जखमा भरण्याचा मंत्र म्हणावा. ही सुधारणा उत्तम होती. परंतु तेवढ्यावर न थांबतां रचनाकारांनीं त्यास जड चिलखत ठेवलें, मोठमोठे मंत्र दिले, आणि कांहीं काळ योद्ध्याच्या तोडीचें बळ अंगीं आणण्याची युक्तीहि दिली. परिणाम विचित्र झाला. चतुर खेळाडूंच्या लक्षांत आलें कीं, अशा क्लेरिकानें दुसऱ्याच्या जखमा भरीत बसण्यापेक्षां स्वतःवरच मंत्र म्हणून स्वतःच लढावें, यांत अधिक लाभ आहे. जखमा भरण्याचें काम मग पन्नास वेळां चालणाऱ्या, साडेसातशें सुवर्णमुद्रांस विकत मिळणाऱ्या एका जादूच्या कांडीवर सोंपविलें गेलें. साहाय्यकास मान मिळावा म्हणून त्यास बळ दिलें, आणि बळ मिळतांच साहाय्य करण्याचें कारणच उरलें नाहीं! सेवेच्या कंटाळ्याची भरपाई दुसऱ्याच कोठल्या लाभानें केली, तर सेवा पूर्वीइतकीच कंटाळवाणी राहते. फक्त सेवक निसटतो.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें हा प्रश्न मुळापासून हातीं घेतला. सोबत्यांतील कामें तिनें प्रथमच उघड नांवें देऊन वांटलीं: शत्रूस अडवून धरणारा, घाव घालणारा, रणांगण आवरणारा, आणि चौथा 'लीडर', म्हणजे पुढारी. साहाय्यकास पुढारी म्हणण्यांत रचनाकारांची सूक्ष्म दृष्टि दिसून येते. पहिल्या पुस्तकांतील आठ वर्गांपैकीं दोन या सदरांत होते. एक जुना क्लेरिक आणि दुसरा अगदीं नवा, वॉरलॉर्ड. वॉरलॉर्ड म्हणजे सेनानी. त्याच्यापाशीं दैवी शक्ति नाहीं कीं मंत्र नाहीं. आहे ती केवळ वाणी, नजर आणि युद्धाची जाण. दोघांसहि दर लढाईंत दोन वेळां सोबत्यास सांवरण्याची शक्ति दिली होती, आणि तिला पाळीचा अगदीं लहान भाग पुरत असे. मुख्य भाग स्वतःच्या पराक्रमास मोकळा राही. पाळी हें धन मानलें तर याचा अर्थ असा कीं, साहाय्यकाची मजुरी प्रथमच कमी झाली.

वॉरलॉर्डचें खरें वैशिष्ट्य मात्र याहून पुढें आहे. त्याची एक साधी, हवी तितक्या वेळां वापरतां येणारी युक्ति अशी होती कीं, आपल्या पाळींत त्यानें स्वतः घाव न घालतां जवळच्या सोबत्यास 'आतां!' म्हणून इशारा द्यावा, आणि त्या सोबत्यानें तत्क्षणीं शत्रूवर घाव घालावा. क्लेरिक प्राणांक देतो. वॉरलॉर्ड पाळीच देऊन टाकतो. खेळांतील मूळ धन हातांतून हातांत देणारी ही कल्पना आम्हांस फार खोल वाटते. जो घाव बसतो तो योद्ध्याचाच असतो, त्याच्याच तलवारीचा, त्याच्याच फांशाचा. पण तो घडला सेनानीच्या निर्णयामुळें. आमच्या पहिल्या दोन प्रश्नांस एकाच कृतींत इतकें चांगलें उत्तर यापूर्वीं कोणीं दिलें नव्हतें.

या पात्रावर जो गहजब झाला तो वेगळ्याच कारणानें. सेनानीनें नुसतें ओरडून जखमा कशा भराव्या, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. तुटलेला हात शब्दांनीं सांधतो काय? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण प्राणांक म्हणजे रक्तमांस असें गृहीत धरल्यावांचून तो उभाच राहत नाहीं. गायगॅक्स यांनीं १९७९ च्या सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथांतच स्पष्ट केलें होतें कीं, प्राणांकांचा लहानसा भागच शरीराचा. बाकी सर्व कौशल्य, दैव, आणि संकट आधींच हेरण्याची शक्ति यांचा. तसें नसतें तर अनुभवी योद्धा नवख्यापेक्षां दसपट घाव कसे सोसता? आणि प्राणांकांत धैर्याचा वांटा आहे असें एकदां मानलें, म्हणजे धीराच्या शब्दांनीं ते परत यावे यांत नवल तें काय? दमून खालीं बसलेल्या माणसास हांक मारून उठविणारा मनुष्य आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिला आहे. आम्हांस तर वाटतें, मंत्रानें भरलेल्या जखमेपेक्षां शब्दानें परत आलेला धीर हीच अधिक मानवी कल्पना आहे.

तथापि वॉरलॉर्ड निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मेजावर त्याचा एक अवगुण लौकरच दिसूं लागतो. दुसऱ्याच्या हातून घाव घालविणारा मनुष्य हळूहळू दुसऱ्याची पाळीहि आपणच खेळूं लागतो. 'तूं येथें उभा राहा, तूं त्याला मार' असें त्याचें चालतें, आणि सोबती प्यादीं होतात. साथ देतां देतां हुकूम कधीं सुरू झाला हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. दुसरा दोष पात्राचा नसून आवृत्तीचा आहे. क्लेरिक, वॉरलॉर्ड, आणि २००९ च्या दुसऱ्या पुस्तकांत आलेले बार्ड व शामन, या सर्वांची सांवरण्याची शक्ति जवळजवळ एकाच सांच्यांतून काढलेली होती; कोणाची किंचित् अधिक, कोणाची एक पाऊल सरकविणारी, एवढाच भेद. धर्मगुरूची प्रार्थना आणि सेनानीची आरोळी या दोन गोष्टी कानांस निरनिराळ्या लागत, पण हातांस एकच लागत. समानतेसाठीं विशिष्टता खर्ची पडली.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तींत वॉरलॉर्डास स्वतंत्र जागा मिळाली नाहीं. त्याच्या कांहीं युक्त्या योद्ध्याच्या एका शाखेस वांटून दिल्या गेल्या, आणि साहाय्याचें काम मुख्यतः क्लेरिक व बार्ड या दोघांकडे आलें. या आवृत्तींत जखमा भरण्याच्या कामाचा जो विपर्यास झाला तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. साठ फुटांवरून, पाळीच्या लहानशा भागांत म्हणतां येणारा एक मंत्र चार बाजूंच्या एका फांशाइतके आणि थोडे अधिक प्राणांक देतो. म्हणजे आरंभीच्या पायऱ्यांवर सरासरीनें पांचसहा. उलट एका साध्या ओगर राक्षसाच्या सोट्याचा घाव सरासरीनें तेरांचा बसतो. शिवाय पात्र शून्यावर आलें म्हणजे उरलेला घाव, फारच प्रचंड नसल्यास, वायां जातो. आणि कोसळलेल्यास एक जरी प्राणांक मिळाला तरी तो उठून उभा राहतो. आतां हिशेब करा. तीन प्राणांक उरलेल्या योद्ध्यास आधींच मंत्र दिला, तर पुढच्या घावांत तोहि जातो. तो कोसळेपर्यंत थांबलें, तर राक्षसाच्या घावांतले दहा फुकट जातात आणि योद्धा मागाहून तेवढ्याच खर्चांत उठतो! म्हणून शहाणा क्लेरिक सोबती पडण्याची वाट पाहत बसतो. ज्या नियमांत वेळेवर केलेली मदत मूर्खपणाची आणि उशिरा केलेली मदत शहाणपणाची ठरते, ते नियम गणितास धरून असले तरी नीतीस धरून नाहींत. आमच्या घरीं त्या मुलीनें तीन तास केलें तें हेंच. सोबती पडावे, तिनें उठवावे, पुन्हां पडावे, पुन्हां उठवावे. २०२४ च्या सुधारित पुस्तकांत या मंत्रांचे फांसे दुप्पट केले आहेत. त्यानें दुखणें हलकें झालें आहे, गेलेलें नाहीं.

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, क्लेरिकाचें सर्वोत्तम साहाय्य जखमा भरण्याचें नव्हेच. आशीर्वादाचा जो त्याचा मंत्र आहे, त्यानें तीन सोबत्यांस प्रत्येक घावाच्या आणि प्रत्येक बचावाच्या फांशांत चार बाजूंचा एक फांसा मिळवितां येतो. चार बाजूंच्या फांशाची सरासरी अडीच. विसांत अडीच म्हणजे शेंकडा साडेबारा. तीन माणसांस, कित्येक पाळ्यांपर्यंत, शेंकडा साडेबारांचा लाभ ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय हा मंत्र चित्ताची एकाग्रता ठेवूनच टिकतो. क्लेरिकास घाव लागला तर ती मोडण्याचें भय असतें. म्हणजे त्याच्या जिवाची काळजी आतां सोबत्यांस करावी लागते, आणि साहाय्य दोन्ही बाजूंनीं वाहूं लागतें. एवढें असूनहि आमच्या तिसऱ्या प्रश्नास हा मंत्र उतरत नाहीं. कोणाचा घाव त्या अडीचांमुळें लागला हें दोन पाळ्यांनंतर कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. कित्येकदां तर तो फांसा टाकावयाचाच विसरतात. घरांतील दिव्यांत रोज तेल घालणाराप्रमाणें हा उपकार असतो. सर्वांना उजेड मिळतो आणि तेलाची आठवण दिवा विझल्यावर होते.

आतां बार्ड. बार्ड म्हणजे केल्टिक लोकांचा शाहीर. हा प्रथम १९७६ सालीं 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकांत अवतरला. १९७८ च्या ग्रंथांत त्यास परिशिष्टांत ढकलण्यांत आलें, आणि तो होण्यासाठीं आधीं योद्धा, मग चोर, आणि शेवटीं ड्रुइडांच्या हाताखालचा शिष्य व्हावें लागे, अशी द्राविडी प्राणायामाची वाट घालून दिली होती. पुढें त्यास साधा वर्ग म्हणून मान्यता मिळाली, तरी 'सगळें थोडें थोडें येणारा आणि कशांतच पुरा नसणारा' ही त्याची अपकीर्ति बरींच वर्षें टिकली. २०१४ च्या आवृत्तीनें त्यास जी एक शक्ति दिली तीमुळें आमच्या मतें तो या तिघांत पहिला ठरतो. आपल्या पाळीचा लहानसा भाग खर्चून तो एका सोबत्यास आपला एक फांसा देतो. आरंभीं सहा बाजूंचा, पुढें आठ, दहा, आणि शेवटीं बारा बाजूंचा. त्या सोबत्यानें दहा मिनिटांच्या आंत, आपल्या कोणत्याहि एका प्रयत्नांत, तो मिळवावा. वीस बाजूंचा फांसा पडलेला दिसल्यावर, पण सूत्रधारानें निकाल सांगण्यापूर्वीं, तो वापरावयाचा कीं राखून ठेवावयाचा हें त्यानें ठरवावयाचें. आणि या सर्वांहून महत्त्वाचें कलम असें कीं, बार्डानें हा फांसा स्वतःस देतां कामा नये.

या एका कलमांत तिसऱ्या आवृत्तीची चूक कायमची दुरुस्त झाली. बार्डाचें बळ कितीहि वाढलें तरी तें त्यास स्वतःवर खर्चितांच येत नाहीं; बळ वाढणें म्हणजे देण्याची ऐपत वाढणें. कोणास द्यावें, केव्हां द्यावें, हा त्याचा निर्णय. कशासाठीं वापरावें, हा घेणाराचा. वॉरलॉर्डच्या साहाय्यांत हुकुमाची जी छटा येते ती येथें येत नाहीं, कारण फांसा दिल्यावर बार्डाचा त्यावरील हक्क संपतो. आणि तो फांसा घेणाराच्या समोर मेजावर पडलेला असतो, सर्वांना दिसतो. गवयास तबल्याची साथ असते तेव्हां समेवर येण्याचें काम गवयाचेंच असतें. पण सम साधली म्हणजे मैफलीची दाद दोघांकडेहि जाते. साथ या शब्दाचा हा जो आपल्या भाषेंतील अर्थ आहे, तो बार्डास नेमका लागू पडतो. क्लेरिकाचें काम शुश्रूषेचें, वॉरलॉर्डचें नेतृत्वाचें, आणि बार्डाचें साथीचें, असा भेद आम्ही करूं.

हिशेबानें पाहतां सहा बाजूंच्या फांशाची सरासरी साडेतीन, म्हणजे विसांत शेंकडा साडेसतरा. आणि तोहि एकदांच. आशीर्वादाच्या मंत्राशीं तुलना केल्यास एकूण लाभ क्लेरिकाचाच अधिक भरेल. जे केवळ बेरजेनें निवाडा करितात ते म्हणूनच आमच्याशीं सहमत होणार नाहींत. बार्डाच्या रचनेंतहि उणें आहे. वेळेंत न वापरल्यास फांसा वायां जातो, आणि भिडस्त सोबती तो 'पुढें लागेल' म्हणून जपून ठेवण्यांतच दहा मिनिटें घालवितो. २०२४ च्या सुधारणेनें मुदत एक तासाची केली आणि प्रयत्न फसल्याचें कळल्यावरहि फांसा टाकण्याची मुभा दिली. त्यानें अपव्यय कमी झाला हें खरें. पण निकाल कळण्यापूर्वींच्या त्या क्षणांत घेणारास जें तारतम्य वापरावें लागे, तेंहि थोडें कमी झालें. आम्हांस जुना नियमच अधिक रुचतो.

येथें एक गंभीर आक्षेप येऊं शकतो, आणि आपल्या वाचकांकडून तो येणें स्वाभाविक आहे. साहाय्य करणारानें दाद कां मागावी? केलेल्या कामाचें फळ न इच्छितां काम करणें हीच तर थोरवी. मग 'तें साहाय्य इतरांस कळतें काय' हा तुमचा तिसरा प्रश्न क्षुद्र नव्हे काय? आमचें म्हणणें असें. फलाची इच्छा सोडणें हा करणाराचा गुण आहे. तो त्यानें आपण होऊन अंगीं बाणावा. परंतु करणारा निरिच्छ आहे या सबबीवर त्याच्याकडे न पाहणें हा घेणाराचा दोष आहे, आणि तो पहिल्याच्या गुणाआड लपूं शकत नाहीं. नियम रचणाराचें कर्तव्य साहाय्यकास निरिच्छ करण्याचें नाहीं. सोबत्यांस डोळस करण्याचें आहे. ज्या घरांत वाढणारी व्यक्ति नेहमीं शेवटीं जेवते, त्या घरांत तिच्या निरिच्छपणाची स्तुति बहुधा आधीं जेवून उठलेलींच माणसें करीत असतात.

तात्पर्य, आमचा निवाडा असा. कल्पनेची खोली पाहिली तर वॉरलॉर्ड श्रेष्ठ. त्यास स्वतंत्र वर्ग म्हणून वगळण्यांत पांचव्या आवृत्तीनें आपलें नुकसान करून घेतलें आहे. एकूण उपयोग पाहिला तर क्लेरिकाचा आशीर्वाद श्रेष्ठ. पण त्याच्या जखमा भरण्याच्या मंत्रांत अजूनहि अन्याय आहे. आणि देणारा, घेणारा व पाहणारा या तिघांसहि आपापला वांटा देणारी रचना हवी असेल, तर बार्डास तोड नाहीं.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्हीं एक लहानसा प्रयोग केला. मंडळी पुन्हां जमली त्या रविवारीं त्या मुलीस आम्हीं बार्ड घेण्यास सुचविलें. खेळाच्या मध्यावर योद्ध्यास एक खोल दरी उडी मारून ओलांडावयाची होती. फांशावर त्याचे सर्व मिळून बारा झाले. सूत्रधार तोंड उघडणार इतक्यांत मुलीनें मघांच दिलेला सहा बाजूंचा फांसा योद्ध्यानें उचलला, आणि टाकण्यापूर्वीं तिच्याकडे एकदां पाहिलें. चार पडले. लागत होते पंधरा. मेजावर जो आरडाओरडा झाला त्यांत दोघांचींहि नांवें होतीं. निघतांना आम्हीं तिला पूर्वींचाच प्रश्न विचारला. या वेळीं उत्तर एका वाक्यांत संपलें नाहीं; जिन्यांत उभें राहून तिनें आम्हांस ती दरी, तो फांसा आणि तो आपण त्या मुलासच कां दिला हें सर्व सविस्तर सांगितलें. चहा निवून गेला.

आतां ज्यांच्या घरीं हा खेळ चालतो त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, 'क्लेरिक कोण होणार?' हा प्रश्न सर्वांचीं पात्रें ठरल्यावर विचारूं नये. तो सर्वांच्या आधीं विचारावा; आणि कोणीच पुढें आलें नाहीं, तर सर्वांत धाकट्याकडे न पाहतां त्या दिवशीं क्लेरिकावांचून खेळावें. चार वेळां कोसळल्यावर कोणाला तरी आपण होऊन तें पात्र घ्यावेंसें वाटेल.